बफेलो क्रीकमधलं डोहाळजेवण

चंद्रहासला नियम वाचायची भारी हौस. घरात नवा टीव्ही आला तरी आधी त्याचं माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायचं आणि तोवर घरच्यांनी काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. घरचे म्हणजे तरी कोण, एकटी जयंती. त्यामुळे कोरोना आला आणि सरकार दर तीन आठवड्यांनी नवे नियम काढू लागलं, तेव्हा अख्खं हॉलंड वैतागलेलं असताना फोरबर्गच्या एका घरात मात्र सुगी आली. पत्रकार परिषद संपून पाच मिनिटं होत नाहीत तोच तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चंद्रहासचा मराठी सारांश हजर. लोक पत्रकार परिषद बघेनासे झाले आणि सारांशाची वाट बघू लागले. चंद्रहासला तर आपणच सरकार चालवतो असं वाटू लागलं होतं.

तेव्हा २०२१च्या मे महिन्यात नियमांतली ती मेख त्यालाच सापडावी यात नवल नव्हतं.

"हे बघ," तो लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. "घरी दिवसाला दोनच पाहुणे. पण अम्युझमेंट पार्क उघडलेत. म्हणजे आपल्या हॉलमध्ये पाच माणसं आली तर गुन्हा आणि पार्कात दोन हजार आली तर पर्यटन!"

जयंती करंज्यांचं सारण ढवळत होती. "बरं मग?"

"मग वैदेहीचं डोहाळजेवण आपण बफेलो क्रीकला करू."

जयंतीच्या हातातला झारा थांबला. सारण खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठे पुन्हा हलला.

वैदेही म्हणजे चंद्रहासच्या ऑफिसातल्या प्रतीकची बायको. दोघं पुण्याहून आली तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमजवळ डीमनला घर मिळेपर्यंत जयंतीकडेच राहिली होती. दीड महिन्यात वैदेहीने जयंतीच्या कपाटातले सगळे डबे पाठ केले आणि 'काकू, काकू' करत तिच्या मागे मागे फिरून तिला पार बिघडवून टाकलं. आता वैदेहीला सातवा महिना होता. तिची आई पुण्यात अडकलेली. तिकीट काढून झालं, व्हिसा झाला, लोणची-पापड बांधून झाले, आणि विमानंच बंद. पोरीचं पहिलं बाळंतपण, माहेरचं कुणी नाही, तर निदान डोहाळजेवण तरी थाटात व्हायला हवं असं जयंतीनेच ठरवलं होतं. फक्त ते बफेलो क्रीकला व्हावं असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बफेलो क्रीक म्हणजे उत्तरेला, ड्रेन्ट प्रांतात, बटाट्याच्या शेतांच्या मधोमध वसवलेली लाकडी अमेरिका. सलून, तुरुंग, बँक, घोडे आणि दर तासाला एकदा लुटली जाणारी आगगाडी. पंधरा वर्षांपूर्वी हे दोघं या देशात आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिथे गेले होते. चंद्रहासने भली मोठी काउबॉय टोपी विकत घेतली होती आणि परतताना गाडीत म्हणाला होता, "पुढच्या वेळी तिघं येऊ." मग पुढची चार वर्षं हॉस्पिटलच्या खेपांत गेली. इंजेक्शनं झाली, तारखा झाल्या, आशा झाली आणि दर वेळी निराशाही. शेवटी डॉक्टरांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं की आता पुरे. त्यानंतर बफेलो क्रीकचं नाव त्या घरात निघालं नाही. हायवेवर ती पाटी आली की चंद्रहास हवामानावर बोलायला लागायचा.

आणि आता हाच माणूस उठून म्हणतो, बफेलो क्रीक!

"दुसरं नाही का एखादं?" जयंतीने विचारलं.

"आहेत की. पण तिथे छत घातलेल्या लाकडी गाड्या आहेत, आठवतात? लोक झोपाळ्यात करतात, नावेत करतात, बागेत करतात. गाडीतलं डोहाळजेवण कुणी केलंय का?" मग जरा थांबून, लॅपटॉपकडे बघतच म्हणाला, "किती वर्षं वळसा घालायचा गं त्या गावाला?"

जयंतीने सारण परातीत उपसलं. पण तिची खरी धास्ती वेगळीच होती. पार्कात स्वयंपाकघर नव्हतं.

ही गोष्ट मंडळात कुणाच्या लक्षात आली नव्हती. कुठलंही डोहाळजेवण असो, स्वयंपाक जयंतीचा. सजावट तिची, फुलांचे दागिनेही तिचे. ओटी भरायची वेळ झाली की मात्र बाईसाहेब स्वयंपाकघरात. कधी पुऱ्या तळायच्या राहिलेल्या, कधी मसालेभाताला वाफ आणायची असलेली. लोकांना वाटे, काय कामाची बाई आहे! खरं कारण असं की फार पूर्वी अशाच एका समारंभात कुणाच्या तरी पाहुण्या आलेल्या सासूबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन फिरत होत्या. ते तबक जयंतीसमोर येऊन थांबलं आणि पुढे सरकलं. "तू राहू दे हं, आधी लेकुरवाळ्यांचं होऊ दे," असं अगदी गोड आवाजात म्हणाल्या त्या. नंतर तबक परत आलंच नाही. दुसऱ्या कुणी तसं कधी केलं नाही, पण जयंतीने कुणाला तशी संधीच ठेवली नाही. आधीच उठून आत जायचं, म्हणजे कुणी पुढे सरकायचा प्रश्न नाही. चंद्रहासला हे ठाऊक होतं. तो कधी बोलला नाही. तो कशावरच बोलायचा नाही, नियम सोडून.

तेव्हा जयंतीने तातडीने रूपालीला फोन केला. रूपाली शेजारच्या लायडस्खेनडामला राहायची, दोन मुलांची आई, आवाज खणखणीत. "ओटी तू भरायचीस हं," जयंतीने बजावलं. रूपाली हो म्हणाली आणि जयंतीचा जीव भांड्यात पडला.

ठरलं असं की तीन घरांनी तीन वेगवेगळी ऑनलाइन बुकिंगं करायची आणि योगायोगाने एकमेकांना भेटायचं. योगायोग कुठे आणि किती वाजता व्हायचा ते चंद्रहासने नकाशावर खूण करून सगळ्यांना पाठवलं.

शनिवारी सकाळी सेल्फ-टेस्ट करून, डबे गाडीत भरून दोघं निघाली. सात-आठ माणसांसाठी जयंतीने जे केलं होतं ते लग्नाच्या पंगतीला पुरलं असतं: मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सुरळीच्या वड्या, श्रीखंड, ओल्या नारळाच्या करंज्या. शेवंतीचे दागिने ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतले होते. निम्मा रस्ता संपला आणि रूपालीचा फोन आला.

"जयंती, सॉरी गं! धाकट्याचं नाक गळतंय. शाळेने मेल केलाय, टेस्ट होईपर्यंत अख्ख्या घराने घरात. मी काय करू?"

जयंती काय सांगणार? "काळजी घे त्याची," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मागे वळून बघितलं. ओटीचं ताट मागच्या सीटवर होतं, खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि पडू नये म्हणून चंद्रहासने त्याला सीट-बेल्ट लावला होता.

"आता ओटी कोण भरणार?" ती म्हणाली.

"ढग येतायत बघ," चंद्रहास म्हणाला. हायवेवरची ती पाटी आली होती.

बफेलो क्रीक तसंच होतं. रंग नवा होता, आणि बँकेच्या दारात सॅनिटायझरचं मशीन बसवलं होतं. सलून बंद, खिडकीतून फक्त कॉफी मिळत होती. तोंडाला रुमाल बांधून आगगाडी लुटणारे दरोडेखोर अख्ख्या पार्कात सर्वांत नियमात वागत होते. चंद्रहासने डिकीतून जुनी काउबॉय टोपी काढून डोक्यावर चढवली. ही टोपी घरात कुठे होती ते जयंतीला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

"कुठे लपवली होतीस रे?"

"लपवली कुठे? टूल-बॉक्सच्या मागे होती." म्हणजे लपवलीच होती.

लहान मुलांचे पोनी गोल गोल फिरत होते. जयंतीला वाटलं होतं, ते बघून फार वाईट वाटेल. थोडं वाटलंही. पण एका पोनीने मधेच बसकण मारली, त्याच्यावरची मुलगी ओरडायला लागली, तिचा बाप लगाम ओढायला लागला आणि पोनी ढिम्म. जयंतीला हसू आलं. इतकी वर्षं ज्या जागेला ती घाबरून होती ती ही एवढीशी जागा होती.

ठरल्या वेळी योगायोग झाला. वैदेही हिरवी साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज घालून आली होती, मागून प्रतीक दोन पाण्याच्या बाटल्या, उशी आणि एक छत्री घेऊन. बायकोला सातवा महिना लागल्यापासून तो कुठेही वाळवंटात निघाल्यासारखा निघायचा.

"काकू! तुम्हाला मिठी मारू का?"

"दीड मीटर," चंद्रहास म्हणाला.

"काका, तुम्ही त्या टोपीत कसे दिसताय सांगू?"

"सांग."

"नको. आजचा योगायोग तुम्हीच घडवलाय."

वैदेहीला आधी मोठ्या झुलत्या नावेत बसून फोटो काढायचा होता. नावेतलं डोहाळजेवण म्हणजे कसं शास्त्राला धरून. पण नावेपाशी पाटी होती, गरोदर स्त्रियांना प्रवेश नाही. साऱ्या देशाचे नियम तोंडपाठ असलेल्या चंद्रहासने नेमकी हीच पाटी वाचलेली नव्हती. तो त्या पाटीकडे इतका वेळ बघत राहिला की शेवटी प्रतीकला त्याची दया आली. "काका, गाडीच बरी. ती हलत तरी नाही."

मग हिरवळीवर उभ्या छताच्या गाडीच्या पायरीवर, चाकाला टेकून, वैदेहीला बसवलं. जयंतीने दागिने पुढे ठेवले आणि प्रतीकने ते बायकोला घातले: बाजूबंद, हार, वेणी. कमरपट्टा काही पुरेना. "दोघांचं माप घ्यायचं होतं ना काकू," वैदेही म्हणाली. हातात धनुष्यबाण हवा, तो आणायचा राहिला होता. चंद्रहास धावत दुकानातून खेळण्यातलं धनुष्य घेऊन आला. बाणाच्या टोकाला रबरी वाटी, भिंतीला चिकटणारी. वैदेहीने तो ताणला आणि गाडीच्या छताला मारला. बाण चिकटला, तिथेच राहिला.

हे सगळं बघून छातीवर चांदणी लावलेला शेरीफ आला. पिकलेल्या मिशांचा, सत्तरीकडे झुकलेला माणूस. पार्कात अंतर पाळलं जातंय की नाही हे बघणं हे सध्या त्याचं काम. चोर पकडायचे दिवस गेले होते.

"किती घरं?" त्याने डचमध्ये विचारलं.

"दोन," चंद्रहास ताठ उभा राहून म्हणाला. वैदेहीने म्हाताऱ्याला समारंभ समजावून सांगितला. शेरीफ विचारात पडला. "आमच्याकडे बाळ आल्यावर खायला देतात," तो म्हणाला. "तुम्ही आधीच?"

"आधीही आणि नंतरही," जयंती म्हणाली आणि एक करंजी त्याच्या दिशेने कठड्यावर ठेवून मागे सरली. शेरीफने ती उभ्या उभ्या संपवली आणि डब्यातल्या दुसऱ्या करंजीकडे बघितलं. ती मिळाली.

मग पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. वैदेहीची आई ठेवणीतली पैठणी नेसून, नथ घालून, आपल्या दिवाणखान्यात एकटीच बसली होती. लेकीला फुलांत बघून तिला काही बोलवेना. मग एकदम भरभर बोलायला लागली. चंद्रहासने फोन हातात घेतला, कारण त्याचा हात म्हणे स्थिर असतो.

"छान, छान दिसतेयस गं! आता ओटी भरा. रूपाली कुठे आहे?"

इथे घोडं पेंड खात होतं.

"तिचा मुलगा आजारी आहे, ती नाही आली," वैदेही म्हणाली.

"अगंबाई. मग..."

पुण्यात एक पंखा फिरत होता, त्याचा आवाज ड्रेन्टमध्ये ऐकू आला. वैदेहीच्या आईची नजर कॅमेऱ्यावरून बाजूला गेली. जयंतीला ती नजर ओळखीची होती. तिने इकडेतिकडे बघितलं. पुऱ्या आधीच तळलेल्या होत्या. मसालेभाताला वाफ आणायला कुठे चूल नव्हती. चारी बाजूंना नुसतं गवत.

"प्रतीक भरेल," ती घाईने म्हणाली. "घरचाच आहे. आणि तसंही दीड मीटर आहे ना, मला तिच्या इतकं जवळ जाता येणार नाही. नियम आहे." सकाळपासून दीड मीटरची टिंगल करणारी बाई एका क्षणात चंद्रहासच्या वर कडक झाली. "मी आलेच जरा पाणी घेऊन."

"पाणी आहे, काकू," प्रतीक म्हणाला, आणि दोन्ही बाटल्या वर करून दाखवल्या. शहाणा मुलगा, पण कधी काय बोलावं ते कळत नाही.

"आई," वैदेही म्हणाली, "सातव्या महिन्यात बाईला जे हवंसं वाटेल ते पुरवायचं असतं ना?"

"हो गं. काय हवंय?"

"मला जयंतीकाकूंच्या हातची ओटी हवीय. दुसऱ्या कुणाचीच नको. रूपालीताई आल्या असत्या तरी मी हेच सांगणार होते."

आता तबक थांबेल आणि पुढे जाईल, एवढंच जयंतीच्या मनात होतं. चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक हसत हसत करणारी ती करंज्यांच्या डब्याचं झाकण उगाच लावत-काढत राहिली.

"अगं, मी कुठे नको म्हणतेय," पुण्याहून आवाज आला. "मी मघापासून हाच विचार करतेय, ताईंना कसं विचारू. त्यांना दुखलं तर? जयंतीताई, माझी लेक तुमच्या घरात राहिली. तुम्ही तिला आजारपणात खिमट करून घातलंत, ते तिने मला सांगितलंय. आज मी तिथे नाही. माझ्या जागी तुम्ही उभ्या राहाल का?"

हे खरंच आधीपासून मनात होतं की वेळेवर सुचलं, ते जयंतीला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "दीड मीटर..."

वैदेहीने शेरीफला डचमध्ये काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिने नंतरही कुणाला सांगितलं नाही. शेरीफने मिशीवरून हात फिरवला, जयंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "मला पोनींकडे जरा काम आहे." आणि पाठ फिरवून चालू लागला. पोनी उलट्या बाजूला होते.

जयंती पुढे झाली. हळद, कुंकू लावलं. गेल्या सव्वा वर्षात चंद्रहासखेरीज कुणाच्या कपाळाला तिचं बोट लागलं नव्हतं. वैदेहीने पदर पसरला. खण ठेवला, नारळ ठेवला. तांदळाची ओंजळ भरली, पण निम्मे तांदूळ गवतात गेले. दुसरी ओंजळ, तिसरी. प्रत्येक ओंजळीला तिला वाटत होतं, कुणीतरी थांबवेल. कुणी थांबवलं नाही. पाचवी ओंजळ पडली आणि वैदेही वाकून पाया पडली. पोट आड येत होतं, तरी पडली.

आशीर्वाद द्यायचा असतो हे जयंतीला आठवलं. इतक्या डोहाळजेवणांत तो शब्द तिच्या तोंडून कधी गेलाच नव्हता. "सुखरूप सूट गं बाई," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. चांगलं मोकळं, नाक लाल करणारं. वैदेही रडली. प्रतीकला काय करावं कळेना, म्हणून त्याने छत्री उघडली.

"अहो! अहो चंद्रहासराव!" पुण्याहून हाका येत होत्या. "फोन कुठे धरलाय? मला नुसतं गवत दिसतंय!"

सगळ्यांनी वळून बघितलं. चंद्रहास त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. फोन गुडघ्यापाशी लोंबत होता आणि खांदे हलत होते. हॉस्पिटलातून परतताना, डॉक्टरांनी पुरे म्हटलं त्या दिवशीही, हा माणूस रेडिओवरच्या ट्रॅफिकच्या बातम्या ऐकत गाडी चालवत आला होता. जयंतीला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. हे दुःख एकट्या आपलंच आहे असं धरून ती तो राग इतकी वर्षं जपत आली होती.

"ऊन येतंय डोळ्यांवर," चंद्रहास न वळताच म्हणाला. आभाळ गच्च भरलेलं होतं.

"कधीपासून?" जयंतीने विचारलं.

"अकरा वर्षं झाली," तो म्हणाला.

जयंती त्याच्यापाशी गेली. हळदीकुंकवाच्या हातांनीच तिने त्याचं तोंड पुसलं, त्यामुळे ते आणखी बिघडलं.

"म्हणजे मला काहीच दिसलं नाही!" पुण्याची पैठणी आता हट्टाला पेटली होती. "लेकीची ओटी भरली आणि मी गवत बघत बसले! ते काही नाही. जयंतीताई, पुन्हा भरा."

"पुन्हा?"

"पहिल्यापासून. आणि फोन प्रतीककडे द्या."

वैदेहीने पदरातलं सगळं ताटात ओतलं, पदर झटकला आणि पुन्हा पसरला. प्रतीकने फोन धरला. जयंतीने चंद्रहासला दंडाला धरून शेजारी उभं केलं आणि तांदळात दोन्ही हात घातले.

"दिसतंय का आता?" तिने विचारलं.

"दिसतंय," वैदेहीची आई म्हणाली. "सावकाश भरा. मला घाई नाही."